कोचीच्या गाडीतली आठवी जागा

सात बायकांनी मला फसवलं. कोचीची सहल मी ठरवली, तिथली गाडी मी ठरवली, लॉज मी ठरवला, कुणी कुठली साडी न्यायची हेसुद्धा मी सांगितलं. आणि मला ‘सहल पुढं ढकलली’ असं सांगून त्या सातजणी माझ्याशिवाय जाऊन आल्या. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं वाचताना कुणाला वाटायला नको की हिचा काही गैरसमज झाला असेल. माझा गैरसमज झालेला नाही.

माझं नाशिक रोडला भांड्यांचं दुकान आहे. स्टेशनवरून चालत आलात तर दहा मिनिटं. काचेचं दार, भिंतीला छतापर्यंत कप्पे, वर पांढरे झगझगीत दिवे. ग्राहक बाईला मी मॅडम म्हणते आणि तीही मला मॅडम म्हणते. पण वीस वर्षांपूर्वी ह्याच भागात माझ्या डोक्यावर पाटी होती. नवऱ्याची सातपूरची कंपनी बंद पडली, तो सहा महिने भिंतीकडं तोंड करून झोपून राहिला, आणि मी बोहारणीचं काम सुरू केलं. जुने कपडे घ्यायचे, बदल्यात स्टीलची भांडी द्यायची. आता जिथं माझा फ्लॅट आहे त्या कॉलनीतल्या प्रत्येक जिन्यावर मी बसलेली आहे. कुठल्या जिन्याची कितवी पायरी फुटकी होती ते अजूनही सांगू शकते.

त्या कामात दोन गोष्टी अंगात मुरल्या. कपडा हातात आला की आधी उजेडाकडं धरायचा. बाईनं कितीही छान घडी घालून दिलेला असो, जिथं विरलाय तिथून उजेड आरपार येतो. आणि दुसरी, सौदा पुरा होईपर्यंत भांडं आपल्या मांडीवर ठेवायचं. बघायला मागितलं तर फिरवून दाखवायचं, वाजवून दाखवायचं, पण हातात द्यायचं नाही. एकदा का बाईनं ते आत नेऊन ओट्यावर ठेवलं की सौदा तिचा झाला. मग ‘अजून एक साडी टाका वहिनी’ म्हणायला आपल्याला तोंड राहत नाही.

दुकान झालं, फ्लॅट झाला, आणि सकाळी कॉलनीच्या मैदानावर फेऱ्या मारता मारता आमचा आठजणींचा ग्रुप जमला. त्यातल्या सहाजणींकडून मी कधी ना कधी जुने कपडे घेतलेले होते. त्यांना ते आठवत होतं, मला आठवत होतं, आणि कुणीच ते बोलत नव्हतं. मला वाटायचं, ह्यालाच मैत्री म्हणत असतील.

ह्या सगळ्यांची ओळख करून देत बसत नाही. जे केलं ते त्यांनी मिळून केलं, वेगवेगळं नाही. दोघींचं मात्र सांगावं लागेल. एक मनमाडवाली. तिचं माहेर मनमाडचं, वडील रेल्वेत, नवरा रेल्वेत, म्हणून आम्ही सगळ्या तिला तेच म्हणायचो. गाड्या, बर्थ, वेटिंग लिस्ट हा तिचा प्रांत. दुसरी भाभी. ती समोरच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर ब्लाउज शिवते. सासरे, दीर सगळे शिलाईकामातलेच. तिच्याकडून मी कधी कपडे घेतले नाहीत. ती लग्न होऊन आली तोवर माझी पाटी उतरली होती.

भाव करणं हा माझा प्रांत. कॉलनीत कुणाकडं लग्न निघालं की बस्ता बांधायला मला नेतात. कापडाच्या दुकानात गादीवर घरच्या बायका पुढं, मी मागं. साड्यांचे ढीग पडतात, कुणाला किती नि कसली ते ठरतं, आणि आकड्यावर गोष्ट आली की सगळ्या मान वळवून माझ्याकडं बघतात. मग मी पुढं सरकते. दुकानदार कपाळ पुसतो, बायका तोंडावर पदर घेऊन हसतात, बस्ता बांधून होतो, आणि परत येताना गाडीत मी पुन्हा मागच्या सीटवर, साड्यांच्या गठ्ठ्याशेजारी. इतकी वर्षं मला ह्यात काही खटकलं नाही. आता खटकतं.

कोचीचं खूळ मनमाडवालीचं. लहानपणी ती वडिलांचा डबा घेऊन स्टेशनवर जायची, तेव्हा दक्षिणेकडं जाणारी गाडी मनमाडला थांबायची. खिडकीत केसांत गजरे माळलेल्या बायका, डब्यावर ‘एर्नाकुलम’ अशी पाटी. एकदा ह्या गाडीत बसून शेवटपर्यंत जायचं, असं तिनं तेव्हाच ठरवलं होतं म्हणे. एर्नाकुलम म्हणजे कोचीच. गाडी नाशिक रोडलाही थांबते आणि थेट जाते. हे तिनं मैदानावर सांगितलं आणि आम्ही सगळ्या फेऱ्या मारायच्या थांबलो.

मला तिथं काय बघायचं होतं ते सांगते. मी आजवर जिथं जिथं गेले ते एक तर देवाला नाहीतर माल आणायला. नुसतं बघायला म्हणून मी कुठंच गेलेली नव्हते. मोबाइलवर कोचीचा एक व्हिडिओ आला होता. समुद्राच्या कडेला लाकडाच्या लांब वाशांना बांधलेली भलीमोठी जाळी, दुसऱ्या टोकाला दोरांना लटकवलेले दगड. चारपाच माणसं दोर ओढतात, दगड खाली येतात, जाळं पाण्यातून वर येतं. अख्ख्या समुद्राला कुणी तराजूत घातल्यासारखं. मी तो व्हिडिओ इतक्या वेळा बघितला की नवरा म्हणाला, मासे तरी खातेस का तू?

दिवाळीनंतर दुकानात दुपारी गिऱ्हाईक कमी असतं, तेव्हा आमची बैठक बसायला लागली. चार दिवसांची सहल. पहिल्या दिवशी ती जाळी आणि जुनं बंदर, दुसऱ्या दिवशी मट्टनचेरीचा राजवाडा आणि मसाल्यांचा बाजार, तिसऱ्या दिवशी बोटीतून खाड्या, चौथ्या दिवशी परत. बाहेर नाशिकची थंडी, प्रत्येकीच्या अंगात स्वेटर, आणि चर्चा घामाची. तिकडं जानेवारीतसुद्धा अंग चिकचिकतं हे मी आधीच विचारून ठेवलं होतं. आपल्याला कोरडं ऊन माहीत. घाम आला की वाळतो. तिकडं वाळत नाही, म्हटलं, अंगावरच राहतो. कुणाचा विश्वास बसेना.

म्हणून मी प्रत्येकीला साड्या घेऊन यायला सांगितलं. काउंटरवरचे कुकर बाजूला सारले आणि एकेक साडी दाराकडं उजेडात धरली. ही पॉलिस्टर आहे, पाठीला चिकटेल, घरी ठेव. हिच्यात धागा मिसळलेला आहे, दुकानदारानं तुला सुती म्हणून गळ्यात मारली. ही ने, ही चांगली आहे, दोनदा धुतलीस की अजून मऊ होईल. मनमाडवालीनं एक गडद जांभळी आणली होती. ती मी बोटांत चोळून बघितली आणि म्हटलं, ही तुझ्या सासूबाईंची. ती म्हणाली, “तुला कसं कळलं गं ताई?” मी म्हटलं, हिच्या जोडीची हिरवी मी नेली होती, मोठ्या पातेल्यावर. सगळ्या हसल्या. मीही हसले. आता आठवून आठवून बघते, मनमाडवाली हसली होती का? आठवत नाही.

लॉज दोन दिवसांत ठरला. चार खोल्या, दोघी दोघी. गाडीला वेळ लागला. तिथल्या एका ड्रायव्हरचा नंबर मिळाला. तो काही वर्षं भिवंडीला काम करून गेलेला, त्यामुळं हिंदी बोलायचा, पण क्रियापदं त्याची तो ठरवायचा. पहिल्याच फोनवर मला ‘चेची’ म्हणाला. म्हणजे मोठी बहीण, त्यानंच सांगितलं. मी म्हटलं, बहीण म्हणतोस आणि हा भाव सांगतोस? दुसऱ्या दिवशी त्यानं डिझेलचं रडगाणं गायलं. तिसऱ्या दिवशी एसीचं. चौथ्या दिवशी मी म्हटलं, ठीक आहे भाऊ, आम्ही बसनं फिरू, आणि फोन ठेवला. मग तीन दिवस फोन केला नाही. हे सगळ्यात अवघड असतं, पण करावं लागतं. चौथ्या दिवशी त्याचाच फोन आला. “चेची, आप जीता.” मी इसार म्हणून एक पैसासुद्धा पाठवला नाही. शब्द दिला. त्यानंही शब्द दिला. मोठी गाडी, आठ बायका, तीन दिवस, वर काही नाही.

त्या दिवशी दुकानात सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. खोटं सांगत नाही. टाळ्या वाजवल्या.

निघायला पंधरा दिवस उरले असताना मनमाडवाली एकटी दुकानात आली. चेहरा पडलेला. म्हणाली, एकीच्या नातवाची परीक्षा मध्ये आली आहे, दुसरीच्या नवऱ्याचं डोळ्याचं ऑपरेशन, तेव्हा आता सगळं उन्हाळ्यानंतर बघू. तिकिटं मी रद्द करते. मी म्हटलं, बरं, मग मी लॉजवाल्याला आणि ड्रायव्हरला कळवते. ती पटकन म्हणाली, “राहू दे गं ताई, तुझ्या मागं दुकान असतं. दोघांचे नंबर दे मला, मी सांगते. पुढच्या वेळेला तेच ठेवू ना आपण.”

मी नंबर दिले. चिठ्ठीवर लिहून, तिच्या हातात.

समोरचा दुकानदार आकडा सांगायच्या आधी मी त्याच्या मानेकडं बघून ओळखते की तो कुठवर खाली येणार. घाऊक बाजारात मला बघून लोक चहा मागवतात, कारण त्यांना माहीत असतं, ही लवकर उठणार नाही. आणि मला हे दिसलं नाही, की नातवाची परीक्षा जानेवारीत कुठली? मनमाडवालीला मी उजेडाकडं धरलंच नाही. मैत्रीण होती. मैत्रिणीला कोण उजेडाकडं धरतं?

त्यानंतर ती सकाळी फिरायला आली नाही. म्हणाली गुडघा दुखतोय. पंधरा दिवसांत एकेक करून सगळ्यांचंच काही ना काही दुखायला लागलं. मी एकटीच फेऱ्या मारत होते, आणि मूर्खासारखी प्रत्येकीला फोन करून विचारत होते, बरं वाटतंय का.

मग तो फोन आला. सकाळची वेळ, दुकानाचं शटर नुकतंच वर केलेलं, मी डब्यांचा सेट कप्प्यात लावत होते.

“चेची, मैं स्टेशन के बाहर खड़ा है. आपका सात लेडीज आ गया. आप किधर?”

मला आधी वाटलं, त्याला कुणी सांगायचं राहिलं असेल आणि दुसऱ्याच कुणाला तो आमची समजतोय. मी म्हटलं, भाऊ, ती सहल तर रद्द झाली. तो म्हणाला, नाही, एक लेडीनं आठ दिवसांपूर्वी फोन करून पक्कं केलं, मी ह्यांना नाशिकची गाडी म्हणून पाटी दाखवली आणि ह्या आल्या. पण ह्या म्हणतात, आम्ही सातच आहोत, एकीचे पैसे कमी कर. मी त्यांना म्हटलं, माझं बोलणं तुमच्याशी झालेलं नाही, चेचीशी झालंय. म्हणून चेचीला फोन लावला.

त्या सातजणींनी सगळं नीट जमवलं होतं, फक्त त्याला, आता चेचीला फोन करू नकोस, एवढं सांगायला विसरल्या होत्या. कधी स्वतः काही ठरवलेलं असतं तर आठवलं असतं.

माझ्या हातात डबा होता. तो मी खाली ठेवला. टाकला नाही, ठेवला. आणि त्याला म्हटलं, जांभळ्या साडीतली बाई असेल, तिच्याकडं फोन दे.

जांभळी साडी प्रवासात नेसायची हे मीच तिला सांगितलं होतं, मळ दिसत नाही म्हणून.

थोडा वेळ नुसते हॉर्न ऐकू आले. मग तिचा आवाज, अगदी बारीक. “हॅलो?”

“कशी आहेस?” मी म्हटलं. “गुडघा कसा आहे?”

मागून कुणीतरी विचारलं, कुणाचा फोन आहे गं?

“ताई, तू समजतेस तसं नाही गं. आम्ही तुला सांगणारच होतो.”

“कधी? आल्यावर फोटो दाखवताना?”

आणि मग तिनं जे केलं त्याला काय म्हणावं मला कळत नाही. खालच्या आवाजात, जशी बस्त्याच्या दुकानात मान वळवायची तशी, ती म्हणाली, “हा ऐकतच नाहीये गं. एक जण कमी आहे तरी तेवढेच मागतोय. तू सांग ना त्याला.”

मला हसू आलं. खरंच आलं. दुकानासमोरून जाणाऱ्या माणसानं वळून बघितलं.

“गाडीचा भाव गाडीचा असतो,” मी म्हटलं, “डोक्यांचा नसतो. आठ बसा नाहीतर एक बसा. शब्द मी दिलाय, तो मोडायचा नाही. आणि नीट ऐक. मधल्या रांगेतली खिडकीची सीट माझी आहे. तिच्यावर कुणी बसायचं नाही. पिशवीसुद्धा ठेवायची नाही. तीन दिवस ती रिकामी फिरेल. फोन त्याला दे.”

ड्रायव्हरनं फोन घेतला आणि जरा लांब जाऊन बोलला. माणूस हुशार होता, न सांगता समजला होता. “चेची, आप बोलेगा तो मैं अभी जाता है. इनको छोड़के.”

मी बोलू शकत होते. त्या अनोळखी शहरात, त्या दमट हवेत, सातजणी सात बॅगा घेऊन स्टेशनबाहेर उभ्या, पाठीवरून घाम निथळतोय, एकीलाही रिक्षावाल्याशी दोन वाक्यं बोलता येत नाहीत. दुपारपर्यंत त्यांना कुणीही कुठंही फिरवलं असतं आणि हवे तेवढे काढून घेतले असते. माझ्या एका शब्दाचं काम होतं. मला तो शब्द तोंडात जाणवत होता, अगदी दातांच्या मागं.

पण इसार दिलेला नव्हता. त्या माणसानं माझ्या नुसत्या बोलण्यावर दुसरी भाडी सोडली होती, सकाळी उठून गाडी धुऊन आणली होती. त्याचं काय चुकलं होतं? मी म्हटलं, “नहीं भाऊ, घुमाओ उनको. ठरलंय तसंच.” आणि त्या सीटबद्दल सांगितलं. तो म्हणाला, चेची, तुमची सीट मी सांभाळतो.

मग तीन दिवस त्याचे फोटो येत राहिले. मी मागितले नव्हते. पहिला फोटो रिकाम्या सीटचा, पट्टा लावलेला. संध्याकाळी जाळ्यांचा. मी व्हिडिओत बघितलं होतं त्यापेक्षा ती काळी होती, दगड मोठे होते, आणि पाण्यावर पिवळा उजेड होता. कडेला सातजणी पाठमोऱ्या उभ्या. चेहरे दिसत नव्हते, पण साड्या दिसत होत्या, आणि साड्या मी ओळखते. सातही सुती. एकीनंही पॉलिस्टर नेसलेली नव्हती. माझं प्रत्येक सांगणं त्यांनी ऐकलं होतं. फक्त मला नेलं नव्हतं.

नवरा म्हणाला, जाऊ दे ना, आपण दोघं जाऊ. मी त्याच्यावर ओरडले. तो बिचारा चांगल्यासाठी म्हणत होता, पण त्याला कळत नव्हतं, आणि मला सांगताही येत नव्हतं. जाळी काय, कुठं पळून जाणार नाहीत. मला त्या सातजणींच्या रांगेत आठवी उभी राहायचं होतं. पाठमोरी असते तरी चाललं असतं.

त्या परत आल्याला चार दिवस झाले आणि भाभी दुकानात आली. काउंटरवर हलव्याचं एक पाकीट ठेवलं आणि म्हणाली, सगळ्यांनी मिळून आणलंय. मी म्हटलं, आणलं सगळ्यांनी मिळून आणि पोचवायला तू एकटी? ती म्हणाली, कुणी यायला तयार नव्हतं, मी म्हटलं मी जाते.

मी तिला बस म्हटलं नाही. ती स्वतःच स्टूल ओढून बसली, आणि मी न विचारता सांगायला लागली. सहल ठरल्यावर एकदा गच्चीवर सगळ्या जमल्या होत्या, मी सोडून. विषय भंडारदऱ्याचा निघाला. मागच्या वर्षी आम्ही तिथं गेलो होतो तेव्हा पार्किंगवाला पैसे घेऊन पावती देईना, आणि मी गाडीपुढं रस्त्यात बसले होते. पावती मिळाली, पण तोवर अंधार पडला आणि धबधबा बघायचा राहिला. हे खरं आहे. मी नाकारत नाही. पण पावती न देणारा तो, आणि लाज वाटली ती माझी. तिथं एकही जण काही बोलली नव्हती. उलट परत येताना गाडीत माझी नक्कल करून हसत होत्या, आणि मीही हसत होते.

“मग खोल्यांचं निघालं,” भाभी म्हणाली. “चार खोल्या, दोघी दोघी. तुमच्याबरोबर कोण राहणार, असं विचारलं.”

“मग?”

“कुणी बोललं नाही.”

“आणि?”

ती हातातल्या रुमालाची घडी करत राहिली. मग म्हणाली, “एक जण म्हणाली, भाव तिच्याकडून करून घेऊ. पण कितीही झालं तरी बोहारीणच ती. चार दिवस एका खोलीत कसं राहायचं?”

दुकानात एक बाई कढई बघत होती. तिनं ती वाजवून बघितली, भाव विचारला. मी पहिला जो आकडा तोंडाला आला तो सांगितला आणि तिनं घासाघीस न करता दिला. मला आठवत नाही असं कधी झालेलं.

ती गेल्यावर मी भाभीला विचारलं, “कोण म्हणालं?”

“नाव नाही सांगणार, दीदी.”

“आणि तू काय म्हणालीस?”

“काही नाही. चुप बसले.” तिनं वर बघितलं. “मी बोलले असते तर मलाही सोडून त्या सहाजणीच गेल्या असत्या.”

तिच्यावर चिडायला मी तयार होऊन बसले होते, पण तिनं चिडायला जागाच ठेवली नाही. मी फक्त सीटचं विचारलं. ती खरं बोलणारी बाई आहे, म्हणून तिनं खरंच सांगितलं. पहिले दोन दिवस कुणी जवळसुद्धा गेलं नाही. सगळ्या आक्रसून बसायच्या, आणि ड्रायव्हर आरशातून बघत असायचा. तिसऱ्या दिवशी बोटीवरून परतताना पुन्हा बाजारात खरेदी फार झाली, मागं जागा उरली नाही. तो उतरून चहा प्यायला गेला तेव्हा हलव्याची पाकिटं त्या सीटवर ठेवली.

“हे पण?” मी विचारलं.

“हे पण,” ती म्हणाली.

म्हणजे माझ्या जागेवर बसून कोची बघून आलंय ते हे पाकीट. मी ते उघडलेलं नाही, फेकलेलं नाही. काउंटरवर काट्याशेजारी ठेवलंय, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं. लोक विचारतात, मॅडम, हे विकायला आहे का? मी सांगते, नाही, कुणाचं तरी राहिलंय, न्यायला येणार आहे.

कॉलनीत मला समजावणारे खूप निघाले. म्हणतात, बायकांच्या ग्रुपात असं होतंच, इतकं काय धरून बसायचं. त्यांना मी एकच विचारते. पातेलं घेताना ती बोहारीण चालली. बस्त्याला चालली. चार दिवस फोनवर भांडून गाडी ठरवायला चालली. साड्या निवडायला चालली, आणि एर्नाकुलमच्या स्टेशनबाहेर उभं राहून ‘तू सांग ना त्याला’ म्हणायलासुद्धा चालली. मग खोलीतल्या दुसऱ्या पलंगावर का चालली नाही? मी झोपेत भाव करते का?

मला माफी नको. माफीत घासाघीस असते, ते मी करणार नाही. जिच्या तोंडून ते वाक्य पहिल्यांदा निघालं तिनं दिवसाउजेडी यावं, काचेचं दार ढकलून आत यावं, आणि माझ्यासमोर उभं राहून तेच शब्द पुन्हा म्हणावेत. गच्चीवर म्हणता आले, तर दुकानातही म्हणता येतील. जाताना पाकीट घेऊन जावं.

आणि मनमाडवाली, तू. ते वाक्य म्हणणारी तूच की दुसरी कुणी, मला माहीत नाही. पडलेला चेहरा घेऊन माझ्या दुकानात आलीस आणि माझ्या हातानं नंबर लिहून घेतलेस. ते तुला कुणी करायला सांगितलं? का तुझं तुलाच सुचलं? मैदानावर मी रोज सकाळी असते, तू वाट बदलून जातेस ते मला दिसतं. वाट बदलू नकोस. थांब, आणि उत्तर दे.